परतूरच्या प्रेसचं नाक आणि आभाळातला धूर

विमानात बसून आल्यापासून परतुरात मला चहा विकत घ्यावा लागलेला नाही. ठेसनावर जा, आडतीवर जा, दाढी करायला जा, कुणीतरी हात धरून बसवतो, चहा मागवतो आणि म्हणतो, "हां, बापूराव, सुरू करा. वर गेल्यावर पोटात कसं होतं?" पोटात कसं होतं ते मी शंभरदा सांगितलं. नाकाचं काय झालं ते मात्र चहाच्या दुकानात सांगता येत नाही, कारण त्यात माझी बेअब्रू आहे. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलो.

आधी मी कोण ते सांगतो. परतूरच्या एका जिनिंग-प्रेसच्या गोदामावर मी एकवीस वर्षं आहे आणि माझं काम वास घेणं हे आहे. हसू नका. जिनात एखादी ठिणगी रुईत शिरते, ती रुई दाबून गठाण बांधली जाते आणि ठिणगी आत जिवंत राहते. ना भडकत, ना विझत. आठ-आठ दिवस आतल्या आत खात बसते. बाहेरून गठाण बगळ्यासारखी पांढरीधोप. कळतं ते फक्त वासावरून, तोही इतका बारीक की दारं उघडून वारा आत आला की गेला. म्हणून रोज सकाळी दारं उघडण्याआधी मी एकटा गठाणींच्या रांगांतून फिरतो, बोट दाखवतो आणि चार हमाल ती गठाण बाहेर ओढतात. एकवीस वर्षांत बोट एकदाही चुकलं नाही. लोक मला नाकवाले बापूरावच म्हणतात आणि मीही, खोटं कशाला बोलू, बराच काळ नाक वर करूनच चाललो.

गेल्या माघात मला पडसं झालं. तीन आठवड्यांनी पडसं गेलं, जाताना वास घेऊन गेलं. हिंग नाही, घासलेट नाही, काही नाही. जालन्याच्या एका वैद्याकडं गुपचूप जाऊन नाकात तेल सोडून घेतलं, त्यानं डोळ्यांना पाणी आलं, एवढंच. हंगामाचे उरलेले दिवस मी नुसता फुसफुस आवाज करत रांगांतून फिरलो. फाल्गुनात एक गठाण सापडली तीही नशिबानं. माझी बायको गोदा भाकरी घेऊन आली होती, तिनं कोपऱ्यातल्या गठाणीशी फडकं पसरलं, मी टेकून बसलो आणि पाठीला ऊब लागली. मी उठून ऐटीत बोट दाखवलं.

पण नशिबावर किती दिवस काढणार? दसऱ्याला पूजा करून जिन पुन्हा सुरू होणार होतं. शेठजींना सांगावं तर काम जाणार. न सांगावं तर एक दिवस गोदाम जाणार आणि आत हमाल असले तर माणसंही जाणार. आज सांगू, उद्या सांगू करता करता आश्विन लागला आणि शेठजींनीच बोलावणं पाठवलं. वाटलं, कळलं यांना.

"बापूराव," शेठजी म्हणाले, "मिलवाल्याला नमुने द्यायला हैदराबादेला जायाचंय. येताना विमानानं यायाचं म्हणून दोन तिकिटं काढून घेतल्ती. आता शेठाणीनं गळ्याची आन घातली. तर तुमी अन् वहिनी जाऊन या. जाताना गाडीनं, येताना विमानानं औरंगाबादपर्यंत."

"अन् विमान पडलं तर?"

"तर पुढच्या खेपेला मी गाडीनंच जाईन," शेठजी म्हणाले. मग मला जरा धीर यावा म्हणून पुढं बोलले, "तुमाला काय भ्या? तुमचं नाक संगं हाय. कुठं काही जळत असंल तर तुमाला बराबर आधी कळंल."

तिथंच सांगायला हवं होतं. मी तिकिटं घेतली आणि घरी आलो.

हैदराबाद

गाडीच्या प्रवासाचं वर्णन करत नाही. परतूरच्या माणसाला गाडी काय सांगायची! गोदानं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा इतका बांधला होता की वाटता वाटता अर्धा डबा आमच्या ओळखीचा झाला.

हैदराबादेत पहिल्या दिवशी मिलवाल्याकडं नमुने पोचवले. एक नमुना जास्तीचा निघाला, मूठ-दीड मूठ रुई, तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला. मग शहर पाहायला मोकळे. इथला चहा वेगळाच. आपल्याकडं गूळ, पाणी, पत्ती एकत्र कढवून पितळेच्या भांड्यात देतात. इराण्याच्या हॉटेलात दूध वेगळं आटवतात, चहा वेगळा आणि वर साय. माणसं एका कपावर तास तास बसतात आणि मालक काही बोलत नाही. गोदा म्हणाली, "परतुरात असं बसलं तर लोक इचारतील, घरी भांडण झालं का म्हणून."

चारमिनारजवळ एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यानं हाक मारली. अत्तरवाल्यासमोर बसणं म्हणजे मला परीक्षेला बसणं. पण मागं हटणार कसा, गोदा शेजारी! त्यानं एक कुपी उघडली, काडी मनगटावर टेकवली. मी मनगट नाकाशी नेऊन डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणालो, "वा! क्या खुशबू है!"

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. "मियाँ," तो म्हणाला, "अभी तो मैं कुछ लगाया इच नै. काडी सूखी है."

आजूबाजूचे चार लोक हसले. मीही हसलो, जणू मी गंमतच केली. गोदा हसली नाही. तिनं मोगऱ्याची एक कुपी घेतली आणि म्हणाली, "चला, जल्दी. ऊन झालं."

विमानतळ

विमानतळावर पहिली गोष्ट म्हणजे तुम्हाला वजनकाट्यावर उभं करतात. सामानाला नाही, तुम्हाला! मला ते घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडं प्रत्येक गठाण काट्यावर चढल्याशिवाय डब्यात जात नाही, तसाच मी चढलो. गोदा मात्र अडून बसली.

"मी काय गठाण हाय का?" ती म्हणाली. "चार परक्या माणसांत आकडा वरडून सांगणार, अन् मंग गावभर तुमी सांगणार."

काट्यावरच्या कारकुनाला मराठी येत नव्हतं, पण बायकांचं वजन हा विषय त्याला समजत असावा. त्यानं आकडा न बोलता नुसता लिहून घेतला. तो आकडा मी पाहिला आहे. इथं लिहीत नाही.

विमान म्हणजे पत्र्याचा लांबट डबा, शेपूट जमिनीला टेकलेलं. आत शिरलं की चढावर चालत जावं लागतं. एकवीस खुर्च्या, मध्ये वाट. खाकी टोपी घातलेली एक बाई दार लावून आली. विमानात पाहुण्यांची उठबस करायला ठेवलेली बाई असते, तीच ही. तिनं प्रत्येकाला एक पेपरमिंटची गोळी, एक कागदी पिशवी आणि कापसाचे दोन बोळे दिले. "कानों में लगा लीजिए. आवाज़ बहुत होती है."

मी बोळा घेतला, बोटांत ताणून पाहिला. तंतू इतका आखूड की चिमटीतच तुटला, वर सरकीची कवचं.

"ये रुई किधर की है?" मी विचारलं.

"जी?" ती म्हणाली.

"बहुत खराब है," मी म्हणालो. खिशातून आमचा नमुना काढला, त्यातून चार बोळे केले, दोन गोदाला दिले, दोन मी घातले. बाईलाही एक जोड देऊ केला. तिनं हसून घेतला, पण घातला नाही.

कागदी पिशवी कशासाठी ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. गोदानं उरलेल्या दशम्या तिच्यात नीट भरल्या.

आभाळात

वर जाताना पोटात कसं होतं ते परतुरात कुणालाही विचारा, आता सगळ्यांना पाठ आहे. मी पुढचं सांगतो.

स्थिर झाल्यावर समोरची, सिगारेट मना असल्याची दिव्याची पाटी विझली आणि पाटीची वाटच पाहत असल्यासारख्या दहा-बारा जणांनी सिगारेटी पेटवल्या. मी हबकलो. आमच्या प्रेसच्या फाटकावर खुद्द तालुकदार आला तरी विडी-काडी काढून ठेवावी लागते. इथं पेट्रोलच्या टाक्यांच्या मध्ये बसून लोक ओढत होते आणि खुर्चीच्या हाताला राखेची वाटीच जडवलेली! माझ्या पुढच्या खुर्चीवरचे जाड साहेब एकीवर दुसरी पेटवत होते आणि त्यांना राखेची वाटी बहुधा दिसत नव्हती.

खाली गोदावरी आली. वरून ती एवढी बारीक की गोदाला ते आवडलं नाही, कारण तिचं नाव तिच्यावरून ठेवलेलं. मग आम्ही परतूर शोधू लागलो. कपाशीची रानं हिरव्या ठिगळांसारखी दिसत होती. प्रत्येक गावात एखादं देऊळ, एखादा नाला, चार झाडं. आम्ही एकामागून एक तीन गावांना परतूर ठरवलं. तिसऱ्यावर गोदा इतकी ठाम होती की तिनं शेजारणीचं वाळवणसुद्धा मला दाखवलं.

"पाय भाजून राह्यलेत," थोड्या वेळानं ती म्हणाली. "जोडवी तापली बघा."

पायाशी एक जाळीचं तोंड होतं. वर थंडी असते म्हणून तिथून गरम हवा सोडतात. ती नेमकी गोदाच्या पायांवर येत होती. आता आपल्याकडं भिंतीच्या फटीतून वारा आला तर काय करतात? चिंधी कोंबतात. कापूसवाल्याच्या घरात चिंधीऐवजी कापूस. मी उरलेला सगळा नमुना त्या जाळीत अंगठ्यानं दाबून बसवला. हवा थांबली, गोदा सुखावली आणि मी पाय ताणून बसलो. एकवीस वर्षं हमालांना जे ओरडून शिकवलं ते मी एका क्षणात विसरलो. ऊब, कापूस आणि पुढं सिगारेट ओढणारा माणूस!

पंधरा-वीस मिनिटांनी गोदानं कानातला बोळा काढला. "अहो, गोधडी जळल्यावानी वास येऊन राह्यलाय."

"इंजनाचा असंल."

"इंजनाचा न्हाई हो."

पलीकडच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. मागून कुणीतरी "जलने की बू" असं म्हणालं आणि तो शब्द खुर्च्या-खुर्च्यांतून पुढं गेला. खाकी टोपीची बाई वाटेतून हुंगत आली, तिचा चेहरा उतरला आणि ती पळतच पुढच्या दारात शिरली. तिथून धाकटा पायलट बाहेर आला. पोरगेलासा, पण डोळे स्थिर. तो वाकून छत, भिंती, खिडक्यांच्या कडा हातानं चाचपू लागला. सगळ्या डब्यात पांढुरकं धुकं धरलं होतं, पण सिगारेटींमुळे ते आधीपासूनच होतं. कुठला धूर कुठला, कुणाला कळेना. जाड साहेब मोठ्यानं म्हणाले, "इंजिन!" आणि एक म्हातारे गृहस्थ कलमा पढू लागले.

माणूस घाबरला की काय करतो सांगता येत नाही. मी घाबरलो आणि बढाई मारली. हात वर करून उभा राहिलो. "साब! मैं परतूर की प्रेस का नाक हूँ. इक्कीस साल! जलती रुई मेरे से छुपती नहीं. इधर कुछ नहीं जल रहा. ये साब लोगों की सिगरेट का बास है."

आणि सांगतो, लोकांनी मानलं! भ्यालेल्या माणसाला धीर देणारा कुणीही चालतो. रुमाल खाली आले. पायलटसुद्धा मान हलवून पुढं वळला. मी बसणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"थांबा!"

गोदा उभी राहिली होती. परक्या पुरुषांत जिनं कधी तोंड उघडलं नाही ती गोदा, पदर खोचून, खणखणीत आवाजात. "ह्यांचं काही ऐकू नका. ह्यांचं नाक गेलंय. माघापासून गेलंय. मला वास येऊन राह्यलाय, अन् तो कापूसच हाय."

डब्यात मराठी कुणाला येत नव्हतं. पायलटनं माझ्याकडं पाहिलं. "क्या कह रही हैं?"

वाचकहो, माझ्या बेअब्रूचा तर्जुमा करायचा होता आणि तो करणारा त्या आभाळात मीच एकटा होतो. बाई घाबरली आहे, असं म्हणून टाकलं असतं तर नाक राहिलं असतं. गोदा माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. फाल्गुनात त्या कोपऱ्यात फडकं पसरून बघत होती, तशीच.

"बोल रही है," मी म्हणालो, "कि मेरा नाक खराब है. सात-आठ महीने से. और... रुई जल रही है. वो सच बोल रही है, साब."

पायलटनं एक क्षणही घालवला नाही. "माँजी, आप ढूँढिए," तो म्हणाला.

गोदा वाटेत गुडघ्यांवर बसली आणि खुर्च्यांच्या पायांशी वास घेत निघाली. दोन खुर्च्या पुढं गेली, थांबली, परत आली. माझ्या पायांपाशी येऊन तिनं मान वर केली. "हितं. तुमच्याच पायात."

पायलटनं जाळीतला बोळा ओढून काढला आणि धुराचा लोट त्याच्या तोंडावर आला. जाड साहेबांचं एक थोटूक घरंगळत येऊन माझ्या कापसात शिरलं होतं. जाळीच्या फटींतून निसटणारी हवा त्याला भात्यासारखा वारा घालत होती. खाकी टोपीच्या बाईनं पाण्याचा जग ओतला. चर्र झालं आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

मी तो ओला बोळा हातात घेतला. नाक गेलं होतं, हात शाबूत होते. वरून गार. तळव्यावर धरून ठेवला. मधून बारीक ऊब वर येत होती.

"अजून हाय," मी म्हणालो. "आत जिवंत हाय. गोदे, बघ."

तिनं हुंगलं. "हाय."

बोळा उसवला तर मध्ये हरभऱ्याएवढा लाल निखारा. तसाच कोपऱ्यात टाकला असता तर वाळल्यावर पुन्हा पेटला असता. गोदाच्या तांब्यात बुडवून मी तो लगदा होईपर्यंत चोळला. ती दर खेपेला हुंगायची, मी दर खेपेला तळव्यावर धरायचो. चौथ्यांदा ती म्हणाली, "मेला."

पायलटनं एकदा साहेबांच्या सिगारेटीकडं पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या लगद्याकडं. साहेबांनी सिगारेट विझवली आणि औरंगाबादपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मग पायलट मला म्हणाला, अगदी शांतपणे, "चाचा, ज़मीन पर धुआँ हो तो आदमी बाहर भागता है. यहाँ कहाँ भागेगा? आग बाद में आती है, धुआँ पहले मारता है. इसलिए यहाँ जिसको बू आए, उसकी बात पहले सुनते हैं."

एकवीस वर्षं मी हमालांना हेच सांगत आलो होतो. मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यानं धूर काढायला गार हवा सोडली आणि सगळे कुडकुडत बसले. गोदानं कागदी पिशवीतून दशम्या काढून वाटल्या. पिशवी पाहून काही जणांनी आधी नको म्हटलं. ती पिशवी ओकारी आली तर तोंडाशी धरायची असते, हे आम्हाला औरंगाबादला उतरल्यावर कळलं.

परत

औरंगाबादेहून गाडी. जालना मागं पडल्यावर मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"माघातच. पिठलं करपलं होतं. कुत्र्यानं तोंड लावलं नसतं. तुमी दोनदा मागून खाल्लं, वर म्हणाले, झकास."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगायची वाट पाहून राह्यले होते." ती खिडकीबाहेर बघत होती. "तवर भाकरी घेऊन येत होते की रोज."

आणि मला कळलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, भाकरी नेहमी मी बरोबर न्यायचो. माघापासून ही रोज सकाळी दारं उघडायच्या आधीच गोदामात यायला लागली. मला वाटायचं, उतारवयात माया वाढली. ती डोक्यावर टोपली घेऊन रांगांतून सावकाश फिरायची, "कुठं सावली हाय बघते" म्हणायची आणि मग एका जागी फडकं पसरायची. फाल्गुनातली ती गठाण माझ्या पाठीला लागली नव्हती. तिनं मला तिथं नेऊन टेकवलं होतं.

मला गाडीत रडू आलं. समोरचा माणूस म्हणाला, कोळशाचा कण गेला असंल. मी हो म्हणालो.

परतुरात उतरून घरी न जाता तसाच शेठजींकडं गेलो. सगळं सांगितलं, माघापासून. पिठलंसुद्धा. शेठजी आता काय बोलतील ते मला माहीत होतं आणि ते बोलले असते तर त्यांची काही चूक नव्हती.

"बापूराव," ते म्हणाले, "हमाल आत असताना तुमी असं केलं, हे बिलकुल बराबर न्हाई."

"न्हाई," मी म्हणालो.

"वहिनी कुठायत?"

"बाहेर. ओट्यावर."

शेठजी स्वतः उठले, दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "वहिनी, दसऱ्यापासून गोदामाकडं येसाल का? भाकरी न घेता?"

दसरा झाला, जिन सुरू झालं. आता रोज सकाळी दारं उघडण्याआधी आम्ही दोघं आत जातो. गोदा पुढं, मी मागं. ती थांबते, मी हात लावतो आणि हमालांना बोट दाखवायचा मान तिनं अजून माझ्याकडंच ठेवला आहे. शेठजी विमानात बसायचं म्हणतात, पण वहिनी बरोबर असतील तरच.

बाहेरगावचे व्यापारी अजून म्हणतात, परतूरच्या प्रेसचं नाक फार तिखट. ते खरंच आहे. फक्त आता त्या नाकात नथ आहे.